मोहाखालची आग

पूर्वी सारवती नगरात महीजित राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथल्या एकुलत्या एका तळ्याचा राखणदार होऊन जन्मला होता. मुलूख कोरडा आणि माणसे मुंग्यांसारखी अमाप! डोंगरमाथ्यावर रान होते म्हणून झरे होते, आणि झरे होते म्हणून तळ्यात पाणी होते.

डोंगराच्या पायथ्याला मोहाची फुले वेचणारे लोक राहत. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची त्यांची रीत. एका चैत्रात धिमी नावाच्या म्हातारीने सकाळी असाच पाला पेटवला आणि वारा फिरला. बघता बघता आग माथ्याकडे चढू लागली.

राजा घाबरला. "तळं उपसा! सगळं पाणी वर न्या!"

बोधिसत्त्व बांधावर आडवा उभा राहिला. "महाराज, घागरी पोचेपर्यंत रान जळेल आणि तळंही रितं होईल. मग लेकरांना पाजायचं काय?"

"मग हातावर हात धरून बसू?" राजा कडाडला.

तेवढ्यात सोमिल कोतवालाने धिमीला फरफटत आणले. "हीच ती! हिलाच आगीत लोटा!" लोकही ओरडू लागले. संतापलेल्या माणसाला दुसरे सुचते कुठे?

बोधिसत्त्वाने तिचा दंड सोमिलच्या पकडीतून सोडवला. "आजी, आग हाताबाहेर गेली तर तुम्ही काय करता?"

धिमी म्हणाली, "डोंगरावर पाणी कुठलं रे बाबा? आगीच्या पुढं जाऊन पाला झाडायचा, मोकळा पट्टा करायचा. मग पट्ट्याच्या खालचा पाला आपणच पेटवायचा. दोन्ही आगी भेटल्या, की त्यांना खायला उरत नाही. पण माणसं लागतात, मी एकटी काय करू?"

"माणसांना इथं काय तोटा!" बोधिसत्त्व म्हणाला. "आजी, पुढं व्हा."

"फसलं तर तुझं डोकं उडवीन," राजा म्हणाला.

"कबूल, महाराज."

सारे नगर खराटे घेऊन आडवाटेने वर चढले. राजानेही खराटा घेतला. धिमी दाखवील तिथे झाडले, ती म्हणाली तेव्हाच पेटवले. दिवस मावळायच्या आत दोन्ही आगी भिडल्या आणि विझल्या. खालचा उतार काळा पडला, पण झऱ्यांचे रान वाचले. सुटलो बाबा! माणसे राखेतच बसून हसू लागली, रडू लागली.

तळ्यावर परतल्यावर राजाने विचारले, "आता हिचं काय करायचं?"

सोमिल खाली मान घालून पाण्यात उतरला, घागर भरून आला आणि पहिली धार त्याने धिमीच्या ओंजळीत धरली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा आनंद. धिमी म्हणजे आपल्या विहाराचे अंगण झाडणारी उत्तरा. सोमिल तुमच्यातच बसला आहे, नाव कशाला घ्या! राखणदार मी होतो. ज्याच्या हातून चूक झाली, त्यालाच उपाय विचारण्याइतके मन शांत ठेवणे, हीच प्रज्ञा."