महाराजांच्या वंशातला धोंडू

“खोटं कोण? याचं तोंड की तुमची वही?” दुर्जयराव महाराज असे गरजले की मागे उभ्या असलेल्या सेवकाच्या हातून चवरीच पडली.

महाराजांना किल्ल्याच्या नव्या दरवाज्यावर आपली वंशावळ कोरायची होती. पाथरवट छिन्नी परजून बसला होता आणि दुसऱ्याच नावाला घोडं अडलं. घराण्याचा भाट, रतनभाट, पाठ असलेलं गात होता, “मूळपुरुष उदाजी, उदाजींचे एकुलते एक दुर्जयराव, दुर्जयरावांचे उदाजी, उदाजींचे दुर्जयराव...” अशी गाडी आताच्या महाराजांपर्यंत नीट येत होती. पण नदीकाठच्या क्षेत्रावरून आलेल्या बाळंभट उपाध्यायांनी यात्रेकरूंची जुनी वही उघडली आणि तिच्यात निघालं, ‘उदाजींच्या पत्नी स्नानास आल्या. सोबत एकुलता एक पुत्र धोंडू.’

धोंडू! ज्यानं हा किल्ला जिंकला, तो धोंडू?

महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एका बापाचा एकच पोरगा! त्याची नावं दोन आणि दोन्ही खरी, असं सांगू नका मला. उद्या दरबारात खोटा कोण ते ठरवा. खोट्याची इनाम जमीन जप्त, डोक्याचं मुंडण आणि गाढवावरून धिंड! नाही ठरलं तर दोघांचीही. गाढव आजच सजवून ठेवतो!”

रतनभाट घरी आला तो घसा बसवूनच. दिवसभर बाळंभटांशी भांडून आवाज पार गेला होता. मुलगा परगावी गेलेला. घरात होती फक्त सून सगुणा, आणि सगुणेच्या जिभेला गावात सगळेच वचकून असत.

“जमीन गेली तर खायचं काय?” म्हातारा घोगऱ्या आवाजात रडायला लागला. त्याला रडताना पाहून तिच्या मांडीवरच्या पोरानंही भोकाड पसरलं.

“ए बोक्या, गप! एक रडतोय तेवढा पुरे!” सगुणा खेकसली, आणि खेकसता खेकसता थांबली. मग एकटीच खुदकन हसली.

“मामंजी, उद्या मी येते दरबारात. बोलायला कुणीतरी हवंच ना!”

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. दाराशी झेंडूच्या माळा घातलेलं गाढव उभं होतं. चिकाच्या पडद्याआड महाराजांच्या मातोश्री, आईसाहेब, मजा बघायला येऊन बसल्या होत्या.

“काय गं, ठरलं का खोटा कोण?” महाराजांनी विचारलं.

“कुणीच नाही, महाराज. दोघंही खरे.”

“म्हणजे दोघांनाही गाढवावर बसवू?”

“बसवा की! पण आधी एक सांगा. आपलं नाव कुणाचं ठेवलंय?”

“आजोबांचं! आमच्या घराण्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात.”

“मग आपल्या आईसाहेबांना सांगा, आपल्याला एकदा नावानं हाक मारायला.”

पडद्याआडून आवाज आला, “अगं बाई! सासऱ्यांचं नाव कसं घेऊ मी? जीभ नाही का झडायची!”

“तेच म्हणते मी, आईसाहेब! माझ्या पोराचंही नाव मामंजींचंच आहे. मी त्याला बोका म्हणते. तुम्ही महाराजांना लहानपणी काय म्हणायचात?”

महाराजांचे कान लाल झाले. “आईसाहेब, सांगायचं नाही! आमची आज्ञा आहे!”

“मला आज्ञा करतोस, भोपळ्या?” आईसाहेब कडाडल्या.

सेनापती छताकडे बघू लागले. पाथरवटानं पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं.

“बाळंभटकाका,” सगुणा साळसूदपणे म्हणाली, “महाराज लहान असताना आईसाहेब क्षेत्री गेल्या होत्या ना? तेव्हा काय लिहून घेतलंत?”

बाळंभटांनी पान काढलं, वाचलं आणि झटकन वही मिटली. “मी नाही वाचणार!”

“वाचा! नाहीतर मुंडण शेंडीसकट होईल!” महाराज गरजले.

बाळंभटांनी डोळे मिटून घडाघडा म्हटलं, “राणीसाहेब स्नानास आल्या, सोबत एकुलता एक पुत्र भोपळ्या!”

“आईनं सांगितलं तेच काकांनी लिहिलं, महाराज. आणि मामंजींना पाठ झालं ते बारशाचं नाव. उदाजींच्या पत्नीच्या सासऱ्यांचं नाव दुर्जयराव असणार. पोराला त्या नावानं हाक कशी मारणार बिचारी? म्हणाली धोंडू! किल्ला दुर्जयरावांनीच जिंकला, पण जिंकून घरी आल्यावर ‘धोंडू, पाय धू’ हेच ऐकलं असेल.”

महाराजांचा हात तलवारीवर गेला. रतनभाटानं डोळे गच्च मिटले. पण सगुणा हटली नाही.

“पुढं आपले पणतू विचारतील, राज्य कुणी केलं, दुर्जयरावांनी की भोपळ्यानं? मामंजी आणि काकांच्या वंशजांपैकी कुणाला तेव्हा गाढवावर बसवायचं, तेही आजच सांगून ठेवा!”

आधी महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं, आणि ते पोट बघता आईसाहेबांनी नाव काही उगाच ठेवलं नव्हतं. मग महाराज असे हसत सुटले की मुकुट सांभाळेनासा झाला!

“हरलो गं! पण आता दरवाज्यावर कोरू काय?”

“दुर्जयराव कोरा, महाराज. मोठ्या अक्षरात. मात्र खाली थोडी जागा सोडा. आईसाहेब दरवाजा बघायला आल्या की ‘भोपळ्या कुठंय?’ म्हणून विचारतील ना!”

दोन्ही इनामं कायम राहिली. “आणि गाढव सजलंय, ते रिकामं कशाला पाठवायचं?” म्हणत महाराजांनी त्याच्यावर लुगडी, गुळाच्या ढेपी आणि पोराच्या हातात घालायला सोन्याची कडी लादून ते सगुणेच्या घरी धाडलं.

दरबार मुजरा करून उठणार, तोच पडद्याआडून हाक आली, “भोपळ्या, हसणं पुरे! पानं वाढलीयेत!”

“आलो, आईसाहेब!” म्हणत महाराज तुरुतुरु निघाले.