रिंग रोड अडवणारा म्हसोबा

नकाशावर नवा रिंग रोड सरळ सुतासारखा येत होता. फक्त माजी महापौर दादासाहेब इंगवल्यांच्या बंगल्यापाशी तो वाकला होता आणि थेट सुलोचनामावशीच्या पिठाच्या गिरणीवर चढला होता. मावशीचं घर त्या गिरणीवरच चालायचं.

सुनावणीत मावशीची भाची शलाका उठली. "साहेब, रस्त्याला नेमकी इथेच घेरी का आली?"

अधिकारी दादासाहेबांकडे बघू लागले. दादासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, माझ्या अंगणात जागृत म्हसोबा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याला हलवायचं पाप कोण घेणार?"

म्हसोबाचा शेंदूर गेल्याच महिन्यातला होता, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तरी म्हातारी मंडळी हात जोडून बसली! शलाका आधी चिडली, मग तिनेही हात जोडले.

"बरोबर आहे दादासाहेब. पण एकट्याच्या देवासाठी सगळ्यांचा रस्ता वळत नाही. साहेब, लिहून घ्या, देवस्थान सार्वजनिक. बंगल्याचं फाटक कायम उघडं, दोन्ही वेळ ढोल वाजवून आरती, आणि दर अमावास्येला अंगणात बोकड."

"अगं, अमावास्या उद्याच आहे!" मागून एक आजी ओरडल्या.

दादासाहेबांचा हात मिशीवरच थांबला. "तसा... दगडच आहे तो. माळ्याने रंगवलेला."

रस्ता सरळ झाला. तो दगड मावशीने मागून घेतला आणि गिरणीच्या दारात बसवला. शलाका त्याला दगडच म्हणते; मावशी मात्र रोज चिमूटभर पीठ वाहते आणि म्हणते, "मला तर पावला बाई!"