राजाच्या वाटचं बसणं

एका राज्यात कोणीच बसत नसे. सोनार उभ्यानं दागिना घडवी, म्हाताऱ्या उभ्यानं वाती वळत, आणि दरबारातला गवई तंबोरा खांद्याशी धरून उभ्यानंच राग आळवी. खोटं वाटतंय? अहो, ऐका तर खरं!

त्या राज्याचा राजा तुंगभानू. मनाचा भला, पण घायकुत्या. एकदा धूम्रजट नावाचा थोर मांत्रिक त्याच्याकडे जेवायला आला. पाहुण्याचा पहिला भात संपला नव्हता, तोवर राजा हात धुवायला उठलासुद्धा. यजमानानं असं भरल्या पंगतीतून उठायचं? मांत्रिकानं पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "राजा, उठायची एवढी हौस ना? मग उभाच राहा."

झालं! त्या घटकेपासून राजा बसायला गेला की सिंहासन बाजूला सरके, पाट पळून जाई, आणि जमीन तर त्याला सरळ उचलून पुन्हा उभा करी. झोप यायची तीही भिंतीला पाठ लावून. आता राजा उभा असताना प्रजा कशी बसेल? राजानं दवंडी पिटवली, "बाबांनो, तुम्ही तरी बसा!" पण या एका बाबतीत प्रजा काही केल्या त्याचं ऐकेना. "महाराज उभे आणि आम्ही बसायचं? छे छे, भलतंच!"

राजाची एकुलती एक लेक सुवेला. ती रोज वाकून बापाच्या पायांना तेल चोळी. पाय सुजून उखळाएवढे झाले होते. राजवैद्यानं तिला बाजूला बोलावून सांगितलं, "वर्षभरात महाराज बसले नाहीत, तर एकदमच आडवे होतील. मग उठायचे नाहीत." ती तडक निघाली आणि धूम्रजटाच्या गुहेपुढे हात जोडून उभी राहिली.

"मांत्रिकराज, उःशाप द्या."

धूम्रजट म्हणाला, "तीन कामं आहेत. जो अंडं घालत नाही, त्याच्याकडून अंड्याचा रंग आण. जी बसत नाही, तिला बसव. आणि जे आज दिसत नाही, त्याची वाट पाहा. ना पांढरं, ना तपकिरी, ना निळं, असं कोंबडीचं अंडं वर्षाच्या आत माझ्या हातावर ठेव. तुझा बाप बसेल."

आता त्यांच्या राजवाड्यातल्या कोंबड्या सगळ्या तपकिरी अंडी घालणाऱ्या. निळ्या अंड्यांच्या कोंबड्या होत्या त्या पार निळ्या डोंगरावर, एका यक्षिणीकडे. अंडं न घालणारा म्हणजे कोंबडा, हे सुवेलानं ताडलं आणि तो मागायला ती तिकडे चालत गेली. वाटेत एकदाही टेकली नाही. यक्षिणीनं तिच्यापुढे तीन कोंबडे उभे केले. तिघांचे तुरे तेच, शेपट्या त्याच, ऐटही तीच.

"यातला एकच निळ्या अंड्यातून निघालेला आहे. ओळख आणि घेऊन जा. चुकलीस, तर हात हलवीत परत जा."

सुवेलानं तिघांकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "यातल्या कोणाची आई निळं अंडं घालत असेल, असं मला तरी वाटत नाही. सगळे पांढऱ्यातलेच दिसतात."

दोन कोंबडे गप्प दाणे टिपत राहिले. तिसऱ्याची मात्र मानेवरची पिसं ताठ झाली. "काय बोललीस? माझी आई निळं घालायची! आजी निळं, पणजी निळं! घराण्याचं नाव घ्यायचं काम नाही, सांगून ठेवतो!"

सुवेलानं त्यालाच काखोटीला मारलं. तीन महिन्यांनी ती घरी पोचली.

राजवाड्यात कवडी नावाची एक ठिपकेदार कोंबडी होती, वयानं आणि जिभेनंही मोठी. कोंबडा तिच्या सोबतीला सोडला. काही दिवसांनी कवडीनं अंडं घातलं. सगळा दरबार खुराड्याभोवती लोटला. पाहतात तो काय, तपकिरीच! प्रधानानं कपाळावर हात मारला, "राजकन्ये, फसलो! हा कोंबडा नुसता बोलघेवडा."

सुवेलाचे डोळे भरून आले. तेव्हा कवडी म्हणाली, "पोरी, रडतेस काय? अंड्याचा रंग घालणारीचा. मी तपकिरी घालते, तपकिरीच घालणार. बापाचा रंग बघायचा, तर आत आहे तिला बाहेर येऊ दे, मोठी होऊ दे. ती घालेल तेव्हा बघ."

अकरा अंडी साठली. कवडी खुडूक झाली. अंग तापलं, पिसं फुगली, जवळ येईल त्याच्यावर गुरगुरू लागली. पण अंड्यांवर बसेना! दोन्ही पायांवर ताठ उभी.

"अगं बस ना!"

"कशी बसू? अंडं घालण्यापुरतं टेकते, तेवढंच. महाराज उभे असताना एकवीस दिवस बसून राहू? मी काय प्रजा नाही?"

सुवेलानं विनवलं, प्रधानानं दटावलं, काही उपयोग नाही. शेवटी राजा स्वतः भिंतीचा आधार घेत घेत आला आणि त्यानं कोंबडीपुढे हात जोडले.

"कवडीबाई, कितीतरी दिवसांचं माझं बसणं साठून राहिलंय. माझ्याच्यानं ते होत नाही. माझ्या वाटचं तेवढं तुम्ही बसून घ्या."

कवडीनं मान वाकडी करून त्याच्या पायांकडे पाहिलं. "महाराजांचं काम म्हणताय? मग निराळं," ती म्हणाली आणि पंख पसरून अंड्यांवर बसली.

राजा तिच्या शेजारी पहाऱ्याला उभा राहिला. नाहीतरी उभाच होता! ती दिवसातून एकदा दाणापाण्याला उठे, तेवढ्यात तो अंडी मोजून घेई. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. एकविसाव्या दिवशी एका अंड्याला चीर गेली आणि राजाला राहवेना. टरफल सोलायला त्यानं बोट पुढे केलं. कवडीनं असं टोचलं की काही विचारू नका!

"महाराज, तिचं तिला येऊ द्या. घाईनं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला हवं?"

राजानं हात मागे घेतला. संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली, दोन अंडी रिकामी निघाली. त्या दिवसापासून राजानं कोणाला कधी घाई केली नाही. पिल्लांना पंख फुटले, त्यांतल्या चार तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, अंगानं भरू लागल्या, महिने सरले. पाय सुजतच होते, पण राजा एका शब्दानं "कधी?" म्हणाला नाही. सुवेला मात्र रोज त्याचे पाय चेपताना मनात दिवस मोजत होती.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. धूम्रजट खुराड्यापाशी येऊन थांबला. तेवढ्यात एक तलंग आडोशाला गेली, बराच वेळ गेला, आणि ती आरडाओरडा करत बाहेर आली. सुवेलानं पेंढ्यात हात घातला. अंडं गरम होतं. उजेडात धरलं, तर हिरवं! विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखं हिरवं!

तिनं ते मांत्रिकाच्या हातावर ठेवलं. त्यानं फिरवून फिरवून पाहिलं. त्याच्या मिशीत हसू फुटलं. "बापाचा निळा आत, आईचा तपकिरी वर. राजा, बस."

प्रधान ओरडला, "सिंहासन आणा!" पण राजाला कुठला दम निघतोय! तो तिथंच, खुराड्याच्या दारात, पेंढ्यावर बसला. जमीन हलली नाही. "आई गं!" तो म्हणाला, आणि त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं. तो बसलेला दिसताच दरबार बसला, बाजार बसला, वेशीबाहेरचे गुराखी बसले. राज्यभर एकच धप्प असा आवाज झाला.

सुवेलानं बापाचे पाय आपल्या मांडीवर घेतले. किती दिवसांनी बापलेक शेजारी बसून बोलत होते. काय बोलले, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. ऐकणार कोण? सगळं राज्य बसल्या जागी घोरत होतं.