थंड पडलेली हलगी

फार मागं, एका डोंगराच्या दोन अंगांना दोन राज्यं होती आणि मधे एकच कुरण होतं. त्यासाठी रक्त सांडायला नको, म्हणून दर दसऱ्याला दोन्ही राजांनी बुद्धिबळ खेळायचं. जिंकेल त्याची गुरं वर्षभर कुरणात चरायची. मोहरा मारला की हलगी घुमायची आणि मारणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. त्यामुळं जो तो मारायला टपलेला.

मागल्या साली डोंगराच्या अलीकडचा राजा हरला, आणि पुढं तापानं गेलाही. त्याच्या राज्यातल्या गुरांची वाळला पाला खाऊन नुसती हाडं उरली होती. आता पटावर राणी बसली. आणखी एक साल कुरण गेलं तर गोठे ओस पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. समोर पलीकडचा राजा, तिचा चुलत दीर.

नवऱ्याचा तो डाव राणीनं जवळून पाहिला होता. दिराचं सगळं सैन्य त्यानं मागं कोंडलं होतं. मग घोड्याला घोडा गेला, उंटाला उंट गेला, हलगी घुमत राहिली. एका खोलीत दाटलेल्या पाहुण्यांतले निम्मे उठून गेले की उरलेले ऐसपैस पाय पसरतात, तसं दिराचं झालं.

यंदाही राणीनं प्यादी पुढं रेटली. मधोमध दोघांची प्यादी नाकाला नाक लावून अडली. तिच्या मागं मोकळं अंगण. त्याच्याकडं हत्ती, उंट, घोडे एकमेकांचे पाय तुडवत उभे.

दिरानं आपला घोडा तिच्या घोड्याच्या तोंडाशी आणला आणि म्हणाला, "घ्या वहिनी. घोड्याला घोडा. गूळही ताजा आहे."

राणीनं आपला घोडा मागं घेतला. त्यानं उंट पुढं केला, तिनं आपला उंट बाजूला नेला. लोक हसू लागले. प्रधानानं कानाशी लागून सांगितलं, की काहीतरी मारा, आपली माणसं हिरमुसलीत. राणीनं ऐकून घेतलं, केलं नाही. शेकून ताठ केलेली हलगी पुन्हा थंड पडली.

"वहिनी, खेळायला बसलात की परड्यात फिरायला आलात?"

"जागा आहे म्हणून फिरते, भावोजी. तुम्हीही फिरा की."

दिराला फिरता येईना. राणीनं सावकाश दोन्ही हत्ती आणि वजीर उजव्या कडेला आणले. ते पाहून दिरानं आपला हत्ती तिकडं न्यायचं ठरवलं, तर वाटेत त्याचाच उंट, आणि उंटाची वाट त्याच्याच प्याद्यानं अडवलेली.

तेव्हा राणीनं कडेचं प्यादं तिरकं सारून दिराचं प्यादं मारलं. डावातला पहिला मार. कडेची वाट उघडली आणि तिचे हत्ती आत शिरले. हलगीवाला धावत शेकोटीकडं गेला. हलगी तापेपर्यंत दिराच्या राजावर मात झाली होती.

दिरानं विचारलं, "मी देत होतो तेव्हा घेतलं का नाहीत?"

"घेतलं असतं तर तुम्हालाच जागा झाली असती."

दुसऱ्या दिवशी दिराची गुरं कुरणातून निघाली, आणि राणीची हाडकुळी गुरं आत शिरली.

म्हणून सांगते, समोरचा अडचणीत आणि आपण मोकळे असलो, तर त्यानं पुढं केलेलं घाईनं घेऊ नये. आधी आपली मोकळी जागा वापरावी.