ऊनाच्या नावातली भूक

दूर सातासमुद्रापलीकडे, जिथे डोंगरसुद्धा हिरवी झबली घालून बसतात, त्या आयर्लंडात ऊना नावाची चिमुरडी राहायची. घरात ती आणि आई, दोघीच. चुलीवर एकच हंडी, हंडीत मोजके चार बटाटे. त्यात गावातली पोरं भारी वात्रट. त्यांना कुठून कळलं कोण जाणे, की तिथल्या भाषेत ऊना म्हणजे भूक. झालं! ती दिसली रे दिसली, की "भूक आली, पळा पळा" म्हणत सगळी धूम ठोकायची. ऊनाला फार रडू यायचं.

एका सकाळी पांढऱ्या फुलांच्या काटेरी झुडपात तिला एक कोकरू अडकलेलं दिसलं. हात ओरबाडले तरी तिनं ते सोडवलं, आणि खिशातला अर्धा बटाटा त्यालाच भरवला. मग काय सांगू! लोकर चमचमली, लुकलुकली, आणि कोकराच्या जागी उभी राहिली बोटभर परी. गुलाबी पंख, चंदेरी पावलं, डोक्यावर दवबिंदूंचा इवलासा मुकुट.

परी म्हणाली, "ऊना, तुझ्या नावाचे तीन अर्थ सांगतात गं. कोणी म्हणतं कोकरू, कोणी म्हणतं भूक, कोणी म्हणतं एक, म्हणजे एकमेव. नको तो अर्थ मी काढून घेते. अर्थ गेला की ती गोष्टही घरातून जाते. पण फुलांवरचं दंव वाळायच्या आत सांग हं."

ऊनानं टुणकन उडीच मारली. भूक जाणार, कायमची जाणार! पण पोरगी विचारी. काढलेला अर्थ जातो कुठे, असं तिनं विचारलं. परीनं नियम सांगितला, की तो पुढच्या ऊनाकडे जातो.

पुढची ऊना म्हणजे शेजारच्या पाळण्यातली तान्ही. कालच तिचं नाव ठेवलं होतं. मूठभर जीव, अजून दातही नाहीत. इकडे दंव भराभर वाळलं, एकच थेंब उरला.

"भूक माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "मला तिची सवय आहे. बाळाला नाही."

परी खुदकन हसली. "राहील. पण आजपासून ती तुझी नाही, दुसऱ्याची. कुणाचं पोट रिकामं असलं की तुला कळेल, आणि त्याला वाढशील तोवर तुझी हंडी सरणार नाही." एवढं बोलून ती सोनेरी उजेडात विरघळून गेली. फुलं तेवढी हलत राहिली.

ऊना धावत घरी आली, तर हंडी काठोकाठ वाफाळत होती आणि आई डोळे विस्फारून बघत होती. तेवढ्यात दाराशी पोरं ओरडली, "भूक आली, भूक आली!"

ऊना हसत बाहेर आली. "आली खरी. तुमच्याच पोटात आहे. हात धुऊन या, मी वाढते."

पोरं गुपचूप हात धुऊन आली. आता त्या गावात विचारा, ऊना म्हणजे काय? ढेकर देत सगळे सांगतील, ऊना म्हणजे पोटभर.