वाढप्याचं पान

यंत्रं माणसांसारखी तोंड वर करून बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. यामिनीताईंनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, धूळ झटकली, नवी डिस्क बसवली आणि त्याला घरचा सर्व्हर केलं. घरातले सगळे फोटो, सगळी गाणी आता त्याच्याच पोटात. जागा मात्र मिळाली चपलांच्या रॅकखाली.

दसरा आला. पूजेच्या पाटावर लॅपटॉप बसला, मोबाइल बसला, अगदी मिक्सरसुद्धा बसला. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. रॅकखालच्या म्हाताऱ्या सर्व्हरकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

“आणि मी?” त्याने विचारलं.

लॅपटॉप हसला. “सर्व्हर म्हणजे वाढपी, आजोबा. वाढपी कधी पंगतीत बसतो का?”

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, वाढपी शेवटी जेवतो, पण त्याचं पान कुणी विसरत नाही! आणि आज हत्यारांना विश्रांती असते ना? मग मलाही आहे.” त्याने कामच थांबवलं.

यामिनीताईंनी लॅपटॉपवर आरती लावली. नुसतं चक्र गरगरत राहिलं.

“माझ्यापाशी काहीच नाही हो,” लॅपटॉप पुटपुटला. “सगळं आजोबांकडे आहे.”

ताई ओशाळल्या. झेंडूचं फूल घेऊन धावल्या आणि रॅकखाली वाकल्या.

“फूल राहू द्या,” म्हातारा गरजला. “आधी माझ्या डोक्यावरच्या चपला काढा!”