रबरी मूठ

कोल्हापूरच्या एका मोटर-शर्यत क्लबच्या दहाही गाड्या शकिला मुजावर यांच्या गॅरेजात दुरुस्तीला यायच्या. क्लबचे अध्यक्ष रणवीरसिंह घाटगे यांनी त्या गाड्यांच्या इंजिनांच्या फिरत्या दांड्याच्या टोकाची मूळ पुली काढायला लावून बाजारातली हलकी, चकचकीत पुली बसवून घेतली होती. गाड्या चपळ झाल्या खऱ्या, पण सहा महिन्यांत तो दांडा पेलणारी बेअरिंगं झिजली.

"हा तुमच्या हाताचा दोष," अध्यक्ष चारचौघांत शकिलाबाईंवर कडाडले. "पुलीवर खापर फोडाल, तर उद्यापासून एकही गाडी इथे येणार नाही."

"साहेब, मूळ पुलीत रबराचं कडं असतं. इंजिनाची थरथर ते पोटात घेतं. नव्या पुलीत ते नाही."

"लोखंडाला रबराचे लाड कशाला? सिद्ध करा, तेही इंजिन न खोलता!"

शकिलाबाईंनी ऐरण पुढे ओढली आणि अध्यक्षांच्या हाती मुठीसकट अख्खा लोखंडी हातोडा दिला. "वीस घाव घाला."

अध्यक्षांनी जोमात सुरुवात केली. पाचव्या घावाला झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. आठव्याला त्यांनी तो हातोडा टाकला, भिंतीवरचा रबरी मुठीचा हातोडा ओढला आणि उरलेले घाव सुखाने घातले.

"झाले वीस!"

"झाले की. पण आठ घावांतच तुम्ही रबर शोधलंत, साहेब. बेअरिंग मिनिटाला हजारो हादरे खातं, त्याला हातोडा बदलता येत नाही."

अध्यक्ष तळहात चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते रबराचं कडं असतं तरी कसं? दाखवा बघू. आणि दहाही गाड्यांना जुन्याच पुल्या लावा."